विश्लेषण : ‘पहिली’, ‘विक्रमी’, ‘आंतरराष्ट्रीय’… क्रीडा बातमीतले शब्द तपासायचे कसे?

सावरपाड्याची कविता राऊत, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, बुद्धिबळातला विदित गुजराथी. नाशिकच्या खेळाडूंनी देशाचे नाव मोठे केले. त्यांच्या कामगिरीची बातमी नेमक्या शब्दांत येणे का महत्त्वाचे आहे? क्रीडा बातमीत चुका नेमक्या कुठे शिरतात आणि मोबाइलवर बातमी वाचणाऱ्याला त्या कशा ओळखता येतील?

जिल्हा पानावर चार ओळींची बातमी येते. अमुक शाळेच्या विद्यार्थ्याला ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेत सुवर्णपदक. गावात फलक लागतो, ग्रामपंचायतीत सत्कार होतो, कात्रण व्हॉट्सॲपवर फिरते आणि मग घरातल्या फाइलमध्ये जाऊन बसते. पुढे कधी प्रायोजक शोधताना, कधी अकादमीत प्रवेश घेताना तेच कात्रण पुरावा म्हणून पुढे केले जाते. ती स्पर्धा कोणी भरवली होती, तिला कोणाची मान्यता होती, त्या वयोगटात किती खेळाडू उतरले होते, हे प्रश्न बातमी छापण्यापूर्वी विचारले गेले नसतील, तर नंतर ते सहसा कोणी विचारत नाही.

राजकारणाच्या बातमीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, कारण दुखावलेली बाजू ताकदवान असते. क्रीडा बातमीतल्या चुकीने ज्याचे नुकसान होते तो बहुतेक वेळा आदिवासी पाड्यावरचा, शेतकरी घरातला किंवा नगरपालिका शाळेतला मुलगा असतो. त्याच्याकडे खुलासा पाठवणारे कोणी नसते. म्हणून क्रीडा बातमीची पडताळणी हा केवळ आकडेमोडीचा विषय नाही.

रिओतील पाण्याचा वाद काय होता?

एकाच बाजूवर बातमी उभी करणे किती धोक्याचे असते, याचे नाशिकशी जोडलेले उदाहरण २०१६ चे आहे. रिओ ऑलिम्पिकमध्ये १४ ऑगस्टला महिलांची मॅरेथॉन झाली. भारताच्या ओ. पी. जैशा आणि कविता राऊत या दोघी त्यात धावल्या. जैशाने २ तास ४७ मिनिटे १९ सेकंद अशी वेळ देत ८९ वे स्थान मिळवले आणि शर्यत संपताच ती कोसळली. कविता २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांत १२० वी आली.

मायदेशी परतल्यावर जैशाने सांगितले की, इतर देशांच्या धावपटूंसाठी वाटेत त्यांची पेये मांडलेली होती, भारताच्या टेबलावर मात्र काहीच नव्हते. बातमी वाऱ्यासारखी पसरली. ‘ऑलिम्पिकमध्ये भारतीय धावपटूला पाणीही मिळाले नाही’ असा तिचा गोषवारा झाला आणि समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने आरोप फेटाळला. खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना पेयांबद्दल आधी विचारले होते, त्यांनीच नकार दिला, असे महासंघाचे म्हणणे होते. कवितानेही आपल्याला विचारणा झाली होती आणि आपण गरज नसल्याचे सांगितले, असे स्पष्ट केले. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने चौकशीसाठी समिती नेमली. जैशाने नंतर आपल्या वतीने नकार प्रशिक्षकांनी दिल्याचे सांगितले.

यात कोणी खोटे बोलले असे गृहीत धरायचे कारण नाही. एकाच शर्यतीत धावलेल्या दोघींना वेगवेगळी माहिती असू शकते. प्रशिक्षकाने परस्पर नकार कळवला असेल तर धावपटूला आपल्याला विचारलेच नाही असे वाटणार. पण बातमी पहिल्या दिवशी लिहिताना दोन गोष्टी हाताशी होत्या. एक, लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील शर्यतीचा नियम. त्यानुसार आयोजक साधारण दर ५ किलोमीटरवर पेयांचे टेबल आणि त्यांच्या मध्ये पाण्याची सोय ठेवतात. खेळाडूचे स्वतःचे पेय हवे असेल तर ते त्याच्या संघाने आधी जमा करायचे असते. म्हणजे ‘पाणी नव्हते’ आणि ‘संघाने ठेवलेले पेय नव्हते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच शर्यतीत धावलेली दुसरी भारतीय खेळाडू. तिला विचारल्याशिवाय ही बातमी पुरी होत नव्हती.

‘पहिली’ हा शब्द इतका जड का?

क्रीडा पानावर सर्वाधिक चुका ज्या एका शब्दामुळे होतात तो शब्द म्हणजे ‘पहिला’ किंवा ‘पहिली’. कविताचेच उदाहरण घेऊ. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटर शर्यतीत ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांची वेळ देत कांस्यपदक जिंकले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवरील वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या वाक्यातला प्रत्येक शब्द आपापले काम करतो. ‘ट्रॅकवरील’ हा शब्द गाळला तर वाक्य चुकीचे होते, कारण लांब उडीत अंजू बॉबी जॉर्जने २००२ मध्येच मँचेस्टरला कांस्य जिंकले होते आणि थाळीफेकीत नीलम जसवंत सिंगने त्याच स्पर्धेत रौप्य. ‘वैयक्तिक’ गाळला तरी वाक्य चुकते, कारण २००६ मध्ये मेलबर्नला भारतीय महिलांच्या ४ बाय ४०० मीटर रिले संघाने रौप्य मिळवले होते. ‘राष्ट्रकुल’ गाळले तर पी. टी. उषाची आशियाई पदकेच पुसली जातात. मथळ्यात जागा नसते म्हणून यातले एखादे विशेषण उडते आणि कौतुकाच्या भरात दुसऱ्या कुणाचा तरी इतिहास खोडला जातो.

खाशाबा जाधव यांच्याबाबतही असेच घडत आले आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. ‘भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक’ असा उल्लेख आजही दिसतो, पण हॉकी संघाने १९२८ पासून सुवर्णपदके जिंकली होती. ‘भारताचे पहिले वैयक्तिक पदक’ म्हटले तर १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील नॉर्मन प्रिचर्ड यांच्या दोन रौप्यपदकांचा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या नावावर धरते. त्यामुळे ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’ हेच नेमके वाक्य. चार शब्द जास्त लागतात, पण त्यामुळे खाशाबांचा मोठेपणा कमी होत नाही, उलट वादातीत होतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवले तेव्हा महाराष्ट्राच्या खेळाडूला ७२ वर्षांनी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाल्याचे लिहिले गेले. तेही ‘वैयक्तिक’ या शब्दासह बरोबर आहे.

‘अंतिम फेरी’ म्हणजे नेमकी कोणती?

प्रत्येक खेळाची स्वतःची भाषा असते आणि एका खेळाचा शब्द दुसऱ्या खेळात वेगळा अर्थ देतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओत नौकानयनाच्या एकेरी स्कल्स प्रकारात उतरला. त्याने ‘फायनल सी’ जिंकली आणि एकूण १३ वे स्थान मिळवले. क्रिकेट पाहणाऱ्याला ‘फायनल जिंकली’ म्हणजे सुवर्ण वाटेल. नौकानयनात मात्र पदके फक्त ‘फायनल ए’मध्ये ठरतात. तिथे १ ते ६ क्रमांक लागतात, ‘बी’मध्ये ७ ते १२ आणि ‘सी’मध्ये १३ ते १८. दत्तूने ‘सी’ जिंकली म्हणजे तो १३ वा आला.

१३ वा क्रमांक सांगितल्याने दत्तूची कामगिरी लहान होत नाही. दुष्काळी पट्ट्यातल्या गावातून लष्करात गेलेला आणि तिथे वल्हे हाती घेतलेला मुलगा ऑलिम्पिकमध्ये तेरावा येतो, ही बातमी स्वतःच्या बळावर उभी राहते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रुपल स्कल्समध्ये त्याने सुवर्णही जिंकले. ते चौघांच्या नावेचे पदक होते. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग हे त्याचे साथीदार होते. गावाकडच्या बातमीत आपला खेळाडू ठळक असणे स्वाभाविक आहे, पण उरलेल्या तिघांची नावे गाळली की सांघिक पदक वैयक्तिक होऊन जाते.

बुद्धिबळातही असाच घोळ होतो. विदितसारख्या ग्रँडमास्टरचे ‘लाइव्ह रेटिंग’ डावागणिक बदलते. जागतिक बुद्धिबळ महासंघ अर्थात फिडे अधिकृत यादी महिन्यातून एकदा जाहीर करते. स्पर्धा सुरू असताना खेळाडू एका सायंकाळी क्रमवारीत वर जातो आणि दुसऱ्या सायंकाळी खाली येतो. मधल्या एका सायंकाळचा आकडा ‘जागतिक क्रमवारी’ म्हणून छापणे चूक. ‘लाइव्ह’ हा एक शब्द जोडला की बातमी बरोबर होते.

आकडे बरोबर असले तरी चित्र अपुरे राहू शकते?

होय. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने के. सी. गांधी शाळेकडून खेळताना नाबाद १००९ धावा केल्या. सामना मुंबई क्रिकेट संघटनेची मान्यता असलेल्या आंतरशालेय स्पर्धेतला होता, धावफलक नोंदलेला होता. त्यामुळे १८९९ मध्ये इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला हे निर्विवाद होते.

असा अविश्वसनीय आकडा समोर आला की पहिली पडताळणी साध्या बेरजेने करता येते. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुल शाळेने दोन डावांत ३१ आणि ५२ धावा केल्या, म्हणजे एकूण ८३. १४६५ मधून ८३ वजा केले तर १३८२ उरतात. निकाल ‘एक डाव आणि १३८२ धावांनी विजय’ असा दिलेला असेल तर हिशेब जुळतो. ही वजाबाकी उपसंपादकाला एका मिनिटात करता येते आणि धावफलकातल्या कितीतरी चुका तिथेच सापडतात.

दुसरी पडताळणी संदर्भाची. समोरच्या संघात वयाने बरीच लहान मुले खेळत होती आणि मैदानाची एक सीमारेषा आखूड होती, हे त्यावेळी पत्रकारांनी प्रत्यक्ष मैदानावर जाऊन लिहिले. त्याने विक्रम खोटा ठरत नाही. मात्र, दुसऱ्याच दिवशी त्या मुलाला सचिनच्या रांगेत बसवणाऱ्या मथळ्यांचा जोर त्याने ओसरायला हवा होता. सोळाव्या वर्षी पाठीवर टाकलेले अपेक्षांचे ओझे पुढे त्या मुलालाच वाहावे लागते.

मॅरेथॉनमधला प्रत्येक ‘विक्रम’ विक्रम असतो का?

नाशिकमध्ये आणि आसपास आता वर्षभर शर्यती होतात. शर्यत संपली की ‘विक्रमी वेळ’ असा मजकूर असलेले प्रसिद्धीपत्रक येते. स्पर्धेचा विक्रम आणि अधिकृत विक्रम यांत फरक आहे. रस्त्यावरील शर्यतीचा विक्रम मान्य व्हायचा तर मार्ग प्रमाणित मोजणीकाराने मोजलेला असावा लागतो. शिवाय सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावे आणि मार्गाचा एकूण उतार प्रतिकिलोमीटर १ मीटरपेक्षा अधिक नसावा. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेले अंतर यात चालत नाही.

याच नियमामुळे २०११ मध्ये बोस्टन मॅरेथॉनला जेफ्री मुताईने दिलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही वेळ विश्वविक्रम ठरली नाही. ती त्यावेळच्या विक्रमापेक्षा जवळपास एक मिनिटाने कमी होती, पण बोस्टनचा मार्ग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा आणि सुमारे १४० मीटर उतरणारा आहे. एल्युड किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचे अंतर पार केले. तो माणसाच्या क्षमतेचा अद्भुत क्षण होता. तरीही ती खुली स्पर्धा नव्हती आणि त्याच्यासाठी वेग राखणारे धावपटू वाटेत बदलले जात होते. म्हणून ती वेळ विक्रमांच्या यादीत नाही.

नामसाधर्म्य आणि घाई यांची किंमत काय?

१० नोव्हेंबर २०२१ रोजी हरियाणातील सोनीपतमध्ये निशा नावाच्या एका तरुण कुस्तीपटूची गोळ्या झाडून हत्या झाली. काही वेळातच अनेक वृत्तसंकेतस्थळांनी ती २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेची पदकविजेती निशा दहिया असल्याचे सांगितले. निशा दहिया त्यावेळी राष्ट्रीय स्पर्धेसाठी उत्तर प्रदेशातील गोंडा येथे होती. तिने साक्षी मलिकसोबत चित्रफीत प्रसिद्ध करून आपण सुखरूप असल्याचे सांगितले. घरच्यांना एक फोन, महासंघाला एक फोन, एवढ्याने ही चूक टळली असती. या गोंधळात जी मुलगी खरोखर मारली गेली तिची बातमीही दुय्यम ठरली.

झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक याच्या बाबतीत २३ ऑगस्ट २०२३ रोजी हेच झाले. त्याचा माजी सहकारी हेन्री ओलोंगा याने निधनाचे वृत्त समाजमाध्यमावर टाकले. इतक्या जवळच्या माणसाने सांगितले म्हणजे खरेच असणार, असे धरून जगभरातील माध्यमांनी ते उचलले. काही तासांत ओलोंगानेच स्ट्रीक जिवंत असल्याचे कळवले. कर्करोगाशी झुंजणाऱ्या स्ट्रीकचे निधन ३ सप्टेंबरला झाले. दहा माध्यमांनी दिलेली बातमी म्हणजे दहा पुरावे नव्हेत. दहाही जण एकाच पोस्टवर विसंबले असतील तर पुरावा एकच आणि तोही तपासलेला नाही.

अख्खी स्पर्धाच खोटी असू शकते का?

असू शकते. २९ जून २०२० रोजी ‘उवा टी-ट्वेंटी लीग’ नावाचा एक सामना श्रीलंकेत होत असल्याचे सांगून इंटरनेटवर दाखवण्यात आला. त्याचे धावफलकही झळकले. प्रत्यक्षात तो पंजाबमध्ये मोहालीजवळच्या सवारा गावात खेळवला गेला होता आणि श्रीलंकेच्या क्रिकेट मंडळाने अशा लीगशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर गावात तर शेतात खेळपट्टी करून, शेतमजुरांना आयपीएल संघांसारख्या जर्सी घालून सामने भरवले गेले. रशियातील सट्टेबाजांना फसवण्याचा तो प्रकार पोलिसांनी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत आल्यावर पकडला.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करत असल्याची चित्रफीत पसरली. ती डीपफेक असल्याचे स्वतः सचिनने जाहीर केले आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. अशा चित्रफितीवर विश्वास ठेवणाऱ्याच्या खिशातून थेट पैसे जातात.

खरी मुलाखतही खोटी बातमी कशी बनते?

२०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर नीरज चोप्राने एका मुलाखतीत सांगितले की, अंतिम फेरीत पहिल्या फेकीआधी आपला भाला सापडत नव्हता, तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात दिसला आणि आपण तो मागून घेतला. वाक्य खरे होते. त्यातून ‘भाल्याशी छेडछाड’ असा अर्थ काढला गेला आणि नदीमवर टीकेचा भडिमार झाला. स्पर्धेत जमा केलेला भाला कोणताही स्पर्धक वापरू शकतो, हा नियम बहुतेकांनी सांगितलाच नाही. अखेर २६ ऑगस्टला नीरजला स्वतः चित्रफीत काढून, आपल्या नावाचा वापर करून वाद पेटवू नका, असे सांगावे लागले. अवतरण शब्दशः बरोबर असूनही बातमी दिशाभूल करू शकते. खेळाचा नियम ठाऊक नसलेला बातमीदार आणि नियम सांगायचाच नाही असे ठरवलेला बातमीदार, दोघांच्या बातमीचा परिणाम सारखाच होतो.

जिल्हा पातळीवर धोका कुठे आहे?

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळातील कामगिरीसाठी वाढीव गुण मिळतात. त्यामुळे प्रमाणपत्राला मोल आले आणि जिथे मोल तिथे नकली मालही आला. ट्रॅम्पोलिनसह काही खेळांची बनावट प्रमाणपत्रे वापरून नोकरी मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली, गुन्हे दाखल झाले.

वृत्तपत्राचे कात्रण कोणत्याही भरतीत अधिकृत पुरावा नसते. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खातेच करते. पण मान्यता नसलेल्या संघटनेला प्रतिष्ठा कात्रणातूनच मिळते. ‘गेल्या वर्षी आमच्या खेळाडूंची बातमी पेपरात आली होती’ असे सांगून पालकांकडून प्रवेश शुल्क, पोशाख आणि प्रवासखर्च गोळा करता येतो. दोन-तीन देशांतले मोजके स्पर्धक एकत्र आणून ‘आंतरराष्ट्रीय’ असा फलक लावता येतो. मुलगा पदक घेऊन येतो, घरचे कर्ज काढून आलेले असतात आणि नोकरीच्या वेळी कळते की त्या प्रमाणपत्राला किंमतच नाही. ‘संभाव्य खेळाडूंच्या शिबिरासाठी निवड’ या बातमीचा मथळा ‘भारतीय संघात निवड’ होतो, तेव्हाही घरच्यांच्या वाट्याला शेवटी असाच अपेक्षाभंग येतो.

अशा वेळी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला एक फोन पुरेसा असतो. मान्यताप्राप्त राष्ट्रीय क्रीडा महासंघांची यादी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ मध्ये संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळाची तरतूद आहे. साधा प्रश्न विचारला तर सरकारी उत्तर मिळते, याचे उदाहरण शेजारच्या धुळ्यात आहे. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे का, असे तिथल्या एका शिक्षकाने माहिती अधिकारात विचारले. कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेले नाही, असे उत्तर मंत्रालयाने २०२० मध्ये दिले. पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेले वाक्य एका अर्जाने तपासले गेले.

चूक झालीच तर काय व्हायला हवे?

भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत अचूकता आणि निष्पक्षता हे तत्त्व सुरुवातीलाच येते. चूक लक्षात आल्यावर तत्काळ आणि ठळकपणे दुरुस्ती द्यावी, अशी अपेक्षा त्यात आहे. परिषदेचे अधिकार छापील वृत्तपत्रांपुरते आहेत. वाचक मात्र आता तीच बातमी मोबाइलवर वाचतो. संकेतस्थळावर चूक दुरुस्त करणे सोपे असते, पण गुपचूप बदललेला मजकूर आणि ‘ही बातमी दुरुस्त केली आहे’ अशी ओळ टाकून बदललेला मजकूर यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात जुना स्क्रीनशॉट फिरतच राहतो आणि दुरुस्ती झाली हे कोणाला कळत नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. जिल्ह्याच्या पानाला एकच क्रीडा प्रतिनिधी असतो, कधी तोही नसतो. एका संध्याकाळी कबड्डीपासून कराटेपर्यंत दहा-पंधरा प्रसिद्धीपत्रके येतात. सगळ्यांची पडताळणी शक्य नसेल तर निदान दोन गोष्टी शक्य आहेत. जे तपासले नाही त्यापुढे ‘असे संघटनेने कळवले आहे’ असे लिहिणे आणि ज्या पत्रकात स्पर्धेच्या मान्यतेचा उल्लेख नाही ते थांबवून ठेवणे.

वाचकाने काय पाहावे?

• बातमीत ‘पहिला’ असेल तर कशात पहिला : देशात, राज्यात की जिल्ह्यात? वैयक्तिक की सांघिक? कोणत्या स्पर्धेत?

• ‘आंतरराष्ट्रीय’ किंवा ‘राष्ट्रीय’ असेल तर आयोजक संघटनेचे पूर्ण नाव आहे का? ती मान्यताप्राप्त यादीत आहे का?

• पदकाच्या बातमीत वयोगट, वजनगट किंवा प्रकार आणि स्पर्धकांची संख्या दिली आहे का?

• ‘विक्रम’ असेल तर तो कोणी नोंदवला : स्पर्धेच्या आयोजकांनी, राज्य संघटनेने की जागतिक महासंघाने?

• निधन, अपघात, निवड किंवा बंदी यांची बातमी असेल तर कुटुंब, संघटना किंवा स्वतः खेळाडूचा दुजोरा आहे का? नसेल तर ती पुढे पाठवण्याआधी अर्धा तास थांबावे.

• खेळाडूचे खळबळजनक वाक्य दिसले तर पूर्ण मुलाखत कुठे आहे ते पाहावे. पूर्ण मुलाखत कुठेच सापडत नसेल तर त्या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

• पालकांनी कोणत्याही स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. कात्रण पाहून नव्हे.

२०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये प्रीजा श्रीधरनने ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत सुवर्ण जिंकले आणि कविता राऊतने ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत रौप्य. पंचवीस फेऱ्या धावल्यानंतर दोघींत फरक ०.९७ सेकंदाचा होता. हरसूल परिसरातल्या पाड्यावरून निघालेली मुलगी आशियातल्या सर्वोत्तम धावपटूंच्या इतक्या जवळ पोहोचली, हे सांगायला कोणतेही विशेषण लागत नाही. तो आकडा बरोबर छापला की पुरे होते.